बाई, एक विचारू का? : दप्तर नक्की कुणाचं

१५ जूनला शाळा सुरू झाल्या आणि आठ दिवसांत माझा मोबाईल भरला. एरवी तुम्ही लोक हस्ताक्षराचं विचारता, वाचनाचं विचारता, पण जून आला की सगळी पत्रं डबा, दप्तर, रिक्षावाले काका आणि वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप यावरच. मी एकतीस वर्षं पहिली ते चौथी शिकवलं त्यामुळे मला यातलं काही नवीन नाही, पण तुमचं पोर पहिल्यांदाच पहिलीत जातंय तर तुम्हाला सगळंच नवीन, ते बरोबरच आहे. सगळ्यांना उत्तर देणं जमलं नाही, ज्यांचं राहिलं त्यांचं पुढच्या अंकात बघू.

प्रश्न : नमस्कार बाई, मुलगा पहिलीत गेलाय. यांची अंबडला फर्स्ट शिफ्ट असते, सातला हे कंपनीत, म्हणजे सकाळचं सगळं माझ्यावर. शाळा नऊची आहे म्हणून मी निवांत होते पण रोज नऊ पाच, नऊ दहा होतातच. आता शाळेनं निरोप पाठवलाय की नऊनंतर गेट बंद. पाच मिनिटांनी असं काय बिघडतं? पहिलीतलं पोर आहे, कलेक्टर थोडंच आहे. (एक आई, पाथर्डी फाटा)

उत्तर : अगं, कलेक्टरला उशीर झाला तर मीटिंग थांबते, पहिलीतल्या पोराला उशीर झाला तर कुण्णी थांबत नाही, म्हणून तर त्याची जास्त काळजी करायची!

आधी हे नऊचं काय ते सांगते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनानं आदेश काढला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवा, कारण पोरांची झोप होत नव्हती. ते खरंच होतं. आपल्या नाशिकची डिसेंबरची थंडी तुला माहितीये, त्या थंडीत साडेसहाला कानटोपी घालून रिक्षात एकमेकांच्या खांद्यावर झोपलेली पोरं मी वर्षानुवर्षं बघितलीयत. म्हणजे हे दोन तास पोरांच्या झोपेसाठी मिळालेत, आपण आरामात चहा घेऊन मग धावत सुटायला नाही (राग मानू नकोस, माझ्या सुनेला पण मी हेच म्हणते आणि ती पण रागावते).

आता पाच मिनिटांनी काय बिघडतं? शाळा भरली की परिपाठ असतो. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष, एखादी गोष्ट. मोठ्यांना वाटतं हे नुसतं उभं राहणं आहे, पण सहा वर्षांच्या पोरासाठी घरातून शाळेत येण्याचा जिना तो आहे, एकेक पायरी चढून ते वर्गात पोचतं. तुझा मुलगा येतो तेव्हा परिपाठ होऊन गेलेला असतो, तो दारात उभा राहतो, तीस माना त्याच्याकडे वळतात, त्याच्या जागेवर दुसरं कुणी बसलेलं असतं, कुठलं पुस्तक काढायचं ते त्याला माहीत नसतं आणि विचारायची लाज वाटते. मग ते पोर मधल्या सुट्टीपर्यंत पाच मिनिटं मागेच चालतं. घरी येऊन हे तुला सांगणार नाही, सांगेल की पोटात दुखतंय, शाळेत नाही जायचं.

उपाय सकाळी नाहीच, तो आदल्या संध्याकाळी आहे, आणि इथे तुझ्या मिस्टरांचा नंबर लागतो. फर्स्ट शिफ्टवाला माणूस साडेतीन-चारला घरी येतो ना, एक झोप काढू दे त्यांना, मग संध्याकाळी बापलेकांनी मिळून युनिफॉर्म खुर्चीवर काढून ठेवायचा, दोन्ही मोजे शोधायचे (दुसरा मोजा हा सकाळचा खरा शत्रू), दप्तर दाराशी ठेवायचं. सकाळी फक्त अंघोळ, खाणं आणि निघणं. आणि पावसाळ्यात दहा मिनिटं आधी निघायचं, पाथर्डी फाट्याच्या ट्रॅफिकचं मी तुला काय सांगू.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. तिच्या टीचर ग्रुपवर काहीच टाकत नाहीत, मुलं डायरीत लिहून आणतील म्हणतात. आमची डायरीत जे लिहून आणते ते तिलाच वाचता येत नाही. मग मी रात्री साडेनऊला बाकीच्या मम्मींना मेसेज करत बसते, पाच जणी पाच वेगळी उत्तरं देतात. टीचरना एक मेसेज टाकायला किती वेळ लागतो? (कॉलेज रोड)

उत्तर : मेसेज टाकायला एक मिनिट लागतं. तो न टाकायला मात्र फार धीर लागतो, माझ्या अनुभवावरनं सांगते.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हे ग्रुप आले आणि मी पण हौसेनं रोज टाकायला लागले, उद्या हे आणा ते आणा, फोटोसकट. पालक खूश. महिन्याभरात माझ्या लक्षात आलं की शाळा सुटायच्या आधी मी फळ्यावर सूचना लिहिते तेव्हा एकही पोर फळ्याकडे बघत नाही, दप्तरं आवरून दाराकडे तोंड. मी विचारलं, अरे लिहून घ्या की. एक जण शांतपणे म्हणाला, बाई, मम्मीला माहितीये. झालं! म्हणजे मी पोरांचं काम उचलून आयांच्या पदरात टाकलं होतं आणि वर स्वतःला फार मॉडर्न समजत होते.

बंद केलं मग. पहिला आठवडा जे काही ऐकून घेतलं ते इथं लिहिता येणार नाही. पण तिसऱ्या आठवड्यात डायऱ्या बघण्यासारख्या झाल्या. 'उद्या पिंपळाचं पान आणा' यासाठी एकानं लिहिलं होतं 'उ पा आ', आणि एका मुलीनं काही न लिहिता नुसतं पिंपळाचं पान काढलं होतं, शेपटीसकट. दोघांनीही दुसऱ्या दिवशी पान आणलं. सात वर्षांच्या पोराची डायरी ही अशीच असते, ती तिच्यासाठी असते, तुमच्यासाठी नाही. तेव्हा तिला रागावू नका, शेजारी बसवा आणि म्हणा, वाच बरं काय लिहिलंयस. चार दिवस अडखळेल. एखाद्या दिवशी नाहीच आठवलं तर तसंच जाऊ द्या शाळेत. पान नसलं तर शेजारणीकडनं अर्धं घेईल, नाहीतर पाच मिनिटं तोंड पाडून बसेल, दुसऱ्या दिवसापासून नीट लिहील.

आणि हो, दुसरीला मुळात गृहपाठ देऊच नये असं केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात लिहिलंय. तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, रोज नाही, आठवड्याला! तुमच्या शाळेत दुसरीला रोज तीन पानं लिहायला देत असतील तर ते विचारायची जागा पालक सभा, साडेनऊचा ग्रुप नाही.

ग्रुप कशाला हवा मग? व्हॅन उशिरा येणार असेल, किंवा गोदावरीला पूर येऊन काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेच्या वर पाणी गेलंय आणि शाळेला सुट्टी जाहीर झालीय, अशा वेळी त्याच्यासारखी सोय नाही. गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ मात्र तेवढं बंद करा बाबांनो.

प्रश्न : स. न. वि. वि. मी प्रेसमधून रिटायर झालो आहे. नातू तिसरीत, त्याला आणायला रोज शाळेत जातो. वर्गाबाहेर उभं राहिलं की आतून नुसता कलकलाट. आमच्या वेळी मास्तरांच्या हातात वेताची छडी असायची, टाचणी पडली तरी आवाज यायचा. आता हात लावायचा नाही म्हणतात, मग शिस्त येणार कुठून? (एक आजोबा, जेलरोड, नाशिकरोड)

उत्तर : आजोबा, नमस्कार. छडी मी पण खाल्लीय, आणि खरं सांगू का, पाढे त्यामुळे आले की आईनं पोळ्या लाटताना म्हणून घेतले त्यामुळे आले, याचा विचार केला तर आईचंच नाव येतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू, त्याच्या कलम १७ नुसार मुलांना मारायचं तर नाहीच, मानसिक त्रास पण द्यायचा नाही. म्हणजे अंगठे धरून उभं करणं, चारचौघांत 'ढ' म्हणणं, सगळं बंद.

मग वर्ग चालतो कसा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे, आणि बाहेर उभं राहून ते दिसत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. जूनचे पहिले दोन आठवडे मी धडा जवळजवळ उघडायचेच नाही. चप्पल कुठे काढायची, जोडी भिंतीकडे तोंड करून कशी ठेवायची, वह्या गोळा करायच्या तर मागच्यानं पुढे द्यायच्या, सगळ्यांनी उठून टेबलाभोवती गर्दी करायची नाही, पेन्सिलला टोक कधी करायचं, कचरा कुठे, बोलायचं असेल तर हात वर. हे नुसतं सांगून होत नाही, करून घ्यावं लागतं, आणि चुकलं की न रागावता परत. वह्या गोळा करायची प्रॅक्टिस आम्ही एका दिवसात सहा वेळा केलीय, पोरांना तो खेळ वाटतो, घड्याळ लावून किती सेकंदात होतंय बघायचं. टाळ्यांची एक खूण ठरलेली असायची, मी तीन वाजवल्या की त्यांनी दोन वाजवून हात खाली आणि नजर माझ्याकडे. घसा सुद्धा वाचतो. एकदा हे बसलं की दिवाळीपर्यंत बघावं लागत नाही, दिवाळीच्या सुट्टीनंतर मात्र दोन दिवस परत पहिल्यापासून.

एक नियम मी चुकून शिकले तो पण सांगते. सुरवातीच्या काळात मी फार कडक, तास चालू असताना कुणी करंगळी दाखवली तर म्हणायचे, आत्ताच तर सुट्टी झाली, बस खाली. एक दुसरीतला मुलगा बसला खाली. मग जे व्हायचं ते झालं, सगळा वर्ग हसला, आणि तो आठ दिवस शाळेत आला नाही. मी त्याच्या घरी गेले पंचवटीत, त्याच्या आईची माफी मागितली, तिनं मला चहा दिला आणि एक शब्द बोलली नाही, ते मला जास्त लागलं. त्यानंतर माझ्या वर्गात दाराशी एक लाकडी ठोकळा असायचा, करंगळी दाखवायची, ठोकळा बाकावर ठेवायचा आणि जाऊन यायचं, ठोकळा जागेवर नसेल तर एक जण बाहेर आहे असं समजायचं. विचारायची गरजच नाही. सगळे उठून जातील असं मला सहकारी बाई म्हणाल्या होत्या, कुणी जात नाही हो, हवं तेव्हा जाता येतं म्हटल्यावर उगीच कोण जाईल.

आता कलकलाटाचं. प्रेसमध्ये मशीन चालू असताना नुसत्या आवाजावरनं तुम्हाला कळत असेल ना नीट चाललंय की काहीतरी अडकलंय? वर्गाचं तसंच असतं. चार-चार पोरं गटात बसून माळेचे मणी मोजत असतील तर आवाज होणारच, तो कामाचा आवाज. उद्या जाल तेव्हा कान देऊन ऐका, पोरं कशाबद्दल बोलतायत ते. रिकामा आवाज असेल तर मुख्याध्यापकांना जरूर सांगा. आणि एक विनंती, न्यायला जाता तेव्हा खिडकीतून नातवाला हात करू नका, सगळ्या आजोबांची ही सवय आहे आणि शेवटची दहा मिनिटं त्यातच जातात.

प्रश्न : मुलगा चौथीत. काल सहज दप्तर काट्यावर ठेवलं, ४ किलो ३०० ग्रॅम. याला काही नियम आहे की नाही? (एक बाबा, म्हसरूळ)

उत्तर : आहे. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. वर सांगितलेल्या २०२० च्या दप्तर धोरणात इयत्तेप्रमाणे आकडे आहेत, पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो. तुमचं जवळजवळ दुप्पट आहे.

पण शाळेशी भांडायच्या आधी रविवारी ते दप्तर सतरंजीवर उलटं करा. एक लिटरची बाटली भरलेली असेल तर तिथेच एक किलो गेला. शाळेत प्यायचं पाणी चांगलं असेल तर अर्धी भरून द्या. माझ्या वर्गात दर शनिवारी दप्तर-सफाई असायची, त्यात गोदाकाठचे दगड, मागच्या वर्षीची वही, अर्धी चिक्की, आणि एकदा काड्यापेटीत जिवंत गोगलगाय निघाली होती (तिला आम्ही कुंडीत सोडलं). पोरं रोज सगळंच नेतात कारण वेळापत्रक बघून भरायला वेळ कुणाला आहे. हे सगळं काढूनही काटा तीनच्या वर असेल तर मात्र काट्याचा फोटो घेऊन सभेला जा आणि सरळ विचारा की रोज सगळी पुस्तकं का लागतात, काही वर्गात ठेवता येतील का. आरडाओरडा न करता विचारलं की होतं काम, चार पालक बरोबर असले की लवकर होतं.

प्रश्न : एप्रिलमध्ये सप्तशृंगी गडावर जत्रेला गेलो, मग तसंच कळवणला लग्न होतं, पाच दिवस मुलीला पाठवलं नाही तर बाईंनी अर्ज मागितला. आता नव्या वर्गात पहिल्याच दिवशी कागद वाचून दाखवला, गैरहजर राहिलं तर लेखी कळवा. प्राथमिकला एवढं काय असतं? (सिन्नर फाटा)

उत्तर : गडावर गेलात, छान केलंत, देवीला नाही कोण म्हणेल. पण हिशोब बघा. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचं, म्हणजे दिवसाला सरासरी चारच तास. त्यात आपलं नाशिक, देश धुळवडीला रंग खेळतो आणि आपण रंगपंचमीला, त्या दिवशी रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उड्या मारायला निम्मा वर्ग गायब आणि दुसऱ्या दिवशी उरलेला निम्मा, रंग निघाला नाही म्हणून.

पाच दिवसांत काय जातं? हातच्याची वजाबाकी आम्ही दोन-तीन दिवस काड्यांचे गठ्ठे सोडून-बांधून शिकवतो. दशकाचा गठ्ठा सोडला की दहा सुट्या काड्या होतात, हे हातानं केलेलं पोर कधी विसरत नाही. त्या नेमक्या दिवशी ते लग्नात जिलबी खात असेल तर पुढे कुणीतरी त्याला 'शेजारून एक घे' एवढंच सांगतं, मग चौथीपर्यंत ते कुणाकडूनही एक घेतं.

अर्ज म्हणजे शिक्षा नाही हो. पोर आलं नाही तर ते घरी आहे की रस्त्यात हरवलं हे बाईंना कळायला नको का? आणि आजारी असेल तर काय झालंय ते कळवा, कांजिण्या, गालगुंड, डोळे येणं हे एकाचं तिसाला होतं. सकाळी तापाचं औषध पाजून, अंग जरा थंड लागलं की शाळेत धाडणारे पालक मला दरवर्षी भेटले. अकरा वाजता औषध उतरतं, पोर बाकावर डोकं टेकतं आणि तुमचा फोन बंद. असं करू नका.

प्रश्न : डबा रोज अर्धा परत येतो. (गंगापूर रोड)

उत्तर : त्याला झाकण उघडता येतं का बघा. खरंच. हवाबंद डब्यांशी झटण्यातच सुट्टी संपते, आणि लाजाळू पोर बाईंना सांगत नाही. घरी दोन दिवस स्वतः उघडून वीस मिनिटांत खायची प्रॅक्टिस करा. पोळीचा गुंडाळून रोल द्या, द्राक्षाच्या सीझनला लहानांना द्राक्षं उभी चिरून द्या. मग बघू.

आणि हे शेवटचं पत्र वहीच्या फाडलेल्या पानावर आलं, पेन्सिलनं लिहिलेलं, शुद्धलेखन मी थोडं नीट केलंय.

प्रश्न : बाई मी तिसरीत आहे. माझी आई रोज माझं दप्तर भरते. मग एखादी वही राहिली की आमच्या बाई मला रागावतात आणि घरी आई पण मलाच रागावते. मी काय करू? (सिडको)

उत्तर : बाळा, तुझी केस एकदम स्ट्रॉंग आहे. वेळापत्रकाची एक कॉपी पलंगाजवळ तुझ्या उंचीवर चिकटव, आईच्या उंचीवर नको. आज रात्री जेवण झालं की ते बघून दप्तर तूच भर, भरून झालं की एकदा मोठ्यानं वाच. पहिल्या आठवड्यात काहीतरी राहीलच, राहू दे, बाईंना सांग की आता मीच भरते. आईला शेजारी बसायचं असेल तर बसू दे, पण तिला आधीच सांगून ठेव : हाताची घडी, तोंडावर बोट.